नाक्यावरील झडती आणि नागरिकाचे कर्तव्य

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात स्वारगेटला घडलेला एक प्रसंग ह्या लेखाला निमित्त झाला आहे. प्रसंग अगदी साधा, वर्तमानपत्रात दोन ओळींचीही बातमी होऊ नये असा. संध्याकाळची वेळ होती. शंकरशेठ रस्त्याने येणारी दुचाकी वाहने जेधे चौकाच्या अलीकडे बाजूला घेऊन कागदपत्रांची तपासणी चालली होती. माझी स्कूटर थांबवण्यात आली. माझ्या पुढेच एक तरुण आपली जुनी मोटारसायकल घेऊन उभा होता. बांधकामावर काम करणारा असावा, कारण बोटांच्या पेरांत सिमेंट सुकलेले दिसत होते. योगायोग असा की, आम्हा दोघांच्याही वाहनाला एकाच मोठ्या कापड-दुकानाची पिशवी लटकत होती.

तरुणाने परवाना दाखवला, गाडीची नोंदणी दाखवली. दोन्ही ठीक होते. तेवढ्याने प्रकरण संपावयास हवे होते. पण गणवेशातील गृहस्थांची नजर पिशवीवर गेली. "काय आहे रे त्यात? पावती दाखव." तरुणाने खिसे चाचपले. पावती नव्हती. "दुकानातून उचललेला माल दिसतोय. घे गाडी बाजूला." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी आदराने, "काका, तुम्ही निघा."

माझ्या पिशवीत दोन सदरे होते आणि पावती माझ्याजवळही नव्हती. ती मी दुकानाच्या दाराशीच कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. मी निघालो. हे कबूल करणे भाग आहे. पन्नास-साठ पावलांवर गेल्यानंतर लाज वाटली, म्हणून परत फिरलो. तोवर पिशवीतले कपडे मोटारसायकलच्या सीटवर पसरले होते. एक लहान मुलीचा फ्रॉक होता आणि एक साडी. येणारेजाणारे थांबून पाहत होते. पिशवीवर दुकानाचा दूरध्वनी क्रमांक छापलेला होता, तो फिरवून पाहावा असे मी सुचवले. दिवाळीच्या गर्दीत दुकानात कोणी फोन उचलला नाही. अर्ध्या तासाने "जा, पुन्हा दिसू नकोस" असे म्हणून त्या तरुणाला सोडण्यात आले. कुठे नोंद नाही, पंचनामा नाही, कागदाचा चिटोराही नाही. शासनाच्या दप्तरी त्या अर्ध्या तासात स्वारगेटला काहीही घडलेले नाही. ते गृहस्थ कोणत्या शाखेचे होते हे मी येथे लिहीत नाही, कारण हा लेख एका माणसाविरुद्ध नाही.

त्या अर्ध्या तासात कायद्याचे नेमके कोणते कलम चालू होते? पोलिसाला ते ठाऊक असल्याचे दिसले नाही, तरुणाला नव्हतेच, आणि जन्मभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या मलाही नव्हते. घरी येऊन कायद्याची पुस्तके काढली. जे आढळले ते कार्यकर्त्यांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून मांडतो.

प्रथम नागरिकाच्या कर्तव्याविषयी. आपल्याकडे हक्कांची चर्चा करताना ह्या बाजूकडे दुर्लक्ष होते आणि मग ऐन नाक्यावर कार्यकर्ता विनाकारण हुज्जत घालून अडचणीत येतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १३० प्रमाणे, गणवेशातील पोलिस अधिकाऱ्याने मागितल्यास चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. कागदपत्रे आता मोबाइलमधील शासकीय स्वरूपातही चालतात; केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ साली तशी दुरुस्ती झाली आहे. वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाने थांब म्हटले तर थांबावे लागते. ह्यात अन्याय काही नाही. रस्ता सार्वजनिक आहे आणि त्यावर वाहन चालवणे ही समाजाने घातलेल्या अटींवर मिळालेली मुभा आहे. मात्र ह्याच कायद्यात वाहनाची किल्ली हिसकावून घेण्याचा अधिकार देणारे कलम मला कोठे आढळले नाही, आणि पिशवीविषयी तर त्यात चकार शब्द नाही.

पिशवीचा अधिकार दुसऱ्याच कायद्यात आहे, आणि तो निश्चित आहे हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्र पोलिस अधिनियम १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलिस अधिनियम) ह्यातील एका कलमाचा आशय असा: रस्त्यावर किंवा सार्वजनिक वावराच्या जागी कोणाजवळ असलेली वस्तू चोरीची आहे असा पोलिस अधिकाऱ्याला सद्भावनेने संशय आला, तर त्याला ती वस्तू शोधून तपासता येते आणि तिच्याविषयी खुलासा मागता येतो, तो खुलासा उघडउघड खोटा किंवा संशयास्पद असेल तर वस्तू अडकवून ठेवून दंडाधिकाऱ्याकडे तसा अहवाल पाठवता येतो. तेव्हा "माझी पिशवी उघडण्याचा तुम्हाला अधिकारच नाही" असे जे आपले तरुण मित्र छातीठोकपणे सांगतात, ते बरोबर नाही. अधिकार आहे. प्रश्न त्याच्या अटींचा आहे, आणि सर्व महत्त्व त्या अटींतच आहे.

पहिली अट सद्भावनेची. संशय विशिष्ट वस्तूविषयी हवा आणि त्याला काही आधार हवा. दुकानदाराची तक्रार असेल, कोणी पळताना पाहिले असेल, वस्तूवर चोरी रोखण्याची दुकानाची खूण तशीच लटकत असेल. बोटांतील सिमेंट हा आधार नव्हे. दुसरी गोष्ट, कलम खुलासा मागते, पावती मागत नाही. "अमुक दुकानातून, आज दुपारी, रोख पैसे देऊन घेतले" हा खुलासा आहे. तो खोटा असल्याचे उघड दिसत नसेल तर कलमाचे काम तेथे संपते. ज्या देशात अजूनही असंख्य लोक हातगाडीवरून, आठवड्याच्या बाजारातून, रोखीने खरेदी करतात, तेथे पावती हाच प्रामाणिकपणाचा दाखला मानणे म्हणजे प्रामाणिकपणाही एका वर्गाच्या नावे करून देणे होय. (आता हातगाडीवरही मोबाइलने पैसे देता येतात हे मला ठाऊक आहे. पण ज्याला मजुरी रोख मिळते तो रोखच देणार.) तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी पाळली जाणारी. हे कलम वस्तू अडकवण्यास सांगते, माणूस नव्हे. आणि वस्तू अडकवली की अहवाल दंडाधिकाऱ्याकडे जावा लागतो. म्हणजे पोलिसाचा संशय न्यायाधीशाच्या टेबलावर जाऊन तपासला गेला पाहिजे, ही कायद्याची मूळ कल्पना आहे. "जा, पुन्हा दिसू नकोस" ह्या वाक्याला ह्या कलमात जागा नाही. संशय खरा होता तर अहवाल का नाही, आणि खरा नव्हता तर माणूस अर्धा तास का उभा?

आता चोरीच्या कायद्याकडे वळू. येथे आपल्या विधिमंडळाच्या विचारातील एक मोठी विसंगती उघडी पडते, आणि तिच्याविषयी अजून पुरेशी चर्चा झालेली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परंतु वस्तूची किंमत पाच हजार रुपयांच्या आत असेल, गुन्हेगार पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची. अशी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र ठरवली आहे. दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. भुकेने किंवा मोहाने केलेल्या किरकोळ चोरीला तुरुंग हे उत्तर नव्हे, असे समाजवादी मंडळी फार पूर्वीपासून म्हणत आली आहेत.

परंतु त्याच संहितेचे कलम ३०५ वाचा. मनुष्यवस्तीसाठी किंवा मालमत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीत चोरी झाली, तर शिक्षा सात वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. पाच हजारांची सवलत येथे नाही. मोठे दुकान ही मालमत्ता सुरक्षित ठेवण्याची इमारत धरली की काय होते पाहा. तुळशीबागेबाहेर पथारी टाकून बसलेल्या बाईचा दोनशे रुपयांचा फ्रॉक कोणी उचलला, तर तिने अदखलपात्र नोंद करून घरी जावे. तोच फ्रॉक वातानुकूलित दुकानातून उचलला, तर सात वर्षांची टांगती तलवार. वस्तू एक, किंमत एक, कृत्य एक. फरक एवढाच की एका मालकाच्या डोक्यावर छप्पर आहे आणि दुसरीच्या डोक्यावर नाही. आणि पथारीवालीच्या दृष्टीने ते दोनशे रुपये म्हणजे संध्याकाळचे जेवण असते. मूळ कलम जुनेच आहे, इंग्रजांच्या दंडविधानातून जसेच्या तसे आलेले. नवे विधान करताना एका बाजूला दया दाखवली आणि दुसऱ्या बाजूला जुना कडेकोट बंदोबस्त कायम ठेवला, आणि ह्या दोहोंचा मेळ कसा बसवायचा ते नाक्यावरील हवालदारावर सोडून दिले.

अर्थशास्त्राचा जुना विद्यार्थी म्हणून येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या जुन्या कापड-दुकानात गिऱ्हाईक गादीवर बसे आणि नोकर एकेक साडी उलगडून दाखवी. माल नोकराच्या पाठीमागे, कपाटात. अशा दुकानात उचलेगिरी करणे हे कसबाचे काम होते. आधुनिक दुकानाने माल उघड्या मांडणीवर ठेवला आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली दिली. ह्यामुळे नोकरांचा पगार वाचला आणि विक्री वाढली. थोडा माल हरवतो, हे व्यापाऱ्याने हिशेबात धरलेलेच असते. त्या घटीसाठी त्याच्या जमाखर्चात जागा असते. हा त्याच्या धंद्याचा निर्णय आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु नोकर कमी करून झालेली बचत खाजगी आणि त्यातून वाढलेल्या चोरीची राखण मात्र सरकारी खर्चाने, हमरस्त्यावर, तेही तक्रार नसताना, ही विभागणी मान्य करता येणार नाही.

दुकानाच्या दारावरील सुरक्षारक्षकाविषयी एक वाक्य. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खाजगी व्यक्तीला, तिच्या समक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा घडला तर गुन्हेगाराला धरता येते. मात्र विनाविलंब, सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. कोठाराच्या खोलीत बसवून माफीपत्र लिहून घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

अटकेविषयी परिस्थिती सरळ नाही, आणि ती आहे त्याहून सोपी करून सांगणे कार्यकर्त्यांच्या हिताचे होणार नाही. चोरी अदखलपात्र असली तरी त्याच संहितेच्या कलम ३५ मध्ये एक मागचे दार आहे: ज्याच्या ताब्यात चोरीचा असल्याचा वाजवी संशय असलेला माल सापडतो आणि ज्याने त्या मालासंबंधी गुन्हा केल्याचा वाजवी संशय आहे, त्याला वॉरंटाविना अटक करता येते. दुसरे दार कलम ३९ चे. अदखलपात्र गुन्ह्याचा आरोप झालेल्या माणसाने नाव-पत्ता सांगण्यास नकार दिला किंवा खोटा सांगितला, तर तो निश्चित करण्यापुरती अटक होऊ शकते. म्हणून नाव-पत्ता खरा सांगावा, ह्यात कमीपणा नाही. दुसऱ्या बाजूला सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात स्पष्ट केले आहे की, सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक ही आपोआप होणारी गोष्ट नव्हे. तिची गरज का आहे ह्याची कारणे लिहावी लागतात, एरवी हजर राहण्याची नोटीस पुरेशी आहे. कलम ३०५ सुद्धा ह्या मर्यादेच्या आतच आहे. अटक झालीच तर अधिकाऱ्याचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने झाला पाहिजे आणि नातेवाइकास कळवले पाहिजे. १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून हे बंधन आहे आणि आता ते संहितेतच लिहिलेले आहे. स्त्रीच्या अंगाची झडती स्त्रीनेच, सभ्यता राखून घ्यायची आहे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करण्याचे बंधन तर घटनेचेच आहे.

संशय कोणाचा घ्यावा, हे कायद्यात लिहिलेले नाही. ते समाजाच्या मनात लिहिलेले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जातीच्या जाती जन्मतः चोर ठरवल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला आणि ह्या जमातींना विमुक्त म्हटले जाऊ लागले. परंतु महाराष्ट्रात पारधी, भामटा, उचल्या ही नावे आजही ठाण्याच्या बोलीत आरोपासारखी उच्चारली जातात. लक्ष्मण गायकवाड ह्यांच्या 'उचल्या'ला १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा पुण्यातील सुशिक्षितांनी त्याचे कौतुक केले. त्यातील माणूस चौकात अडवला गेला तर आपण स्कूटर थांबवतो का, हा प्रश्न मी आता स्वतःलाच विचारतो आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिभेदाविषयी दिलेल्या निकालात, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये म्हणून पोलिसांना स्वतंत्र निर्देश द्यावे लागले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षांनी.

ह्यावर उत्तर दिले जाते की, स्वारगेटसारख्या ठिकाणी पोलिसांनी कडक व्हायलाच हवे. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे येथील एस.टी. स्थानकात उभ्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाल्याची तक्रार दाखल झाली आणि सारा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर बंदोबस्त वाढावा ही मागणी रास्तच होती, मीही ती केली असती. पण त्या पहाटे उणीव कशाची होती? अंधाऱ्या आवारात दिव्यांची, उभ्या बसगाड्यांवर लक्ष ठेवण्याची, रात्रीच्या गस्तीची. संध्याकाळी सात वाजता मजुराच्या मुलीचा फ्रॉक सीटवर पसरून ती उणीव भरून निघत नाही. उलट तेवढे मनुष्यबळ तेथून कमीच होते. विमानतळावर प्रत्येकाची पिशवी यंत्रातून जाते, प्राध्यापकाची जाते आणि गवंड्याचीही जाते. त्यात कोणाचा अपमान होत नाही. जेथे एकाची उघडते आणि दुसऱ्याला "काका, निघा" म्हटले जाते, तेथे तपासणी मालाची नसते.

तरीही पोलिसाला खलनायक ठरवून आपण मोकळे होऊ नये. जेधे चौकातील धुरात दिवसभर उभा असलेला शिपाई हा त्या तरुणाच्याच घरातून आलेला असतो. त्याच्या कामाचे तास, त्याच्या वसाहतीची दुरवस्था ह्यांविषयी तो बोलू शकत नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनी आंदोलन केले तेव्हा त्यांच्या संघटनेची मान्यताच काढून घेण्यात आली. ज्याला स्वतःचे गाऱ्हाणे मांडण्याची जागा नाही त्याच्याकडून दुसऱ्याचे गाऱ्हाणे ऐकण्याची अपेक्षा करणे कठीण आहे. पण ही समजूत म्हणजे सूट नव्हे. १९५४ साली त्रावणकोर-कोचीनमध्ये समाजवाद्यांचेच मंत्रिमंडळ असताना पोलिसांनी गोळीबार केला, तेव्हा डॉ. लोहियांनी त्याच मंत्रिमंडळाचा राजीनामा मागितला होता आणि त्यापायी पक्षातील मोठा वाद अंगावर घेतला होता.

पुणेकरांच्या स्वातंत्र्यप्रेमाविषयी शंका घ्यायचे कारण नाही. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध ह्या शहरात केवढा त्वेष उसळला होता! डोके उघडे ठेवण्याच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरणाऱ्या शहराने दुसऱ्याची पिशवी बंद राहण्याच्या हक्काकडेही थोडे पाहावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे, ते थोडक्यात लिहितो. स्वारगेट, हडपसर, कात्रज येथील आपल्या वस्तीशाखांनी बांधकाम मजूर व पथारीवाले ह्यांच्या बैठकीत पोलिस अधिनियमातील हे कलम मराठीतून वाचून दाखवावे. अडवले तर थांबावे, परवाना दाखवावा, नाव सांगावे, वस्तू कोठून आणली ते एकदा स्वच्छ सांगावे. हात उचलू नये, शिवी देऊ नये, कारण मग विषय पिशवीचा न राहता सरकारी कामात अडथळ्याचा होतो. वस्तू अडकवली तर लेखी पोच मागावी आणि कोणत्या दंडाधिकाऱ्याकडे अहवाल जाणार ते विचारावे. कोरा कागद पुढे केला तर त्यावर सही करू नये. खुलासा देणे वेगळे आणि कबुली लिहून देणे वेगळे, आणि घटनेच्या कलम २०(३) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. जवळ उभा असलेला दुसरा नागरिक साक्षीदार म्हणून थांबला तर पुष्कळ फरक पडतो. मनमानी झालीच तर २०१४ च्या दुरुस्तीने तरतूद झालेल्या पोलिस तक्रार प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते.

शासनाकडे मागणी एकच करावी. ह्या कलमाखाली उघडलेल्या प्रत्येक पिशवीची, संशयाचे कारण, वेळ आणि अधिकाऱ्याचे नाव ह्यांसह नोंद व्हावी व तिची प्रत नागरिकाला तेथेच मिळावी. नव्या संहितेने ठिकाणांच्या झडतीचे चित्रण बंधनकारक केले आहे. घराच्या झडतीला जो पुरावा लागतो तो रस्त्यावरील झडतीलाही लागावा. वाहतुकीचा दंड जर क्षणात मोबाइलवर येतो, तर "तुमची पिशवी अमुक कारणाने उघडली, काही आढळले नाही" एवढा मजकूर येण्यास यंत्राची अडचण नाही.

तो तरुण जाताना माझ्याशी दोनच शब्द बोलला. "थांबलात, बरं झालं." फ्रॉक घडी घालून पिशवीत ठेवताना त्यावर काळा डाग पडलेला त्याला दिसला. तो पुसून पाहत त्याने मला विचारले, "हे दुकानवाले बदलून देतील का हो, पावती नसली तर?"